गळ्याचं माप

एप्रिल १९७६, महिन्यातला दुसरा रविवार. रक्कम रुपये अकरा. हजर: मी, माझी पत्नी सरोज, सरोजचा थोरला भाऊ नाना आणि भागामावशी फूलवाली. सकाळी दहाच्या सुमारास भागामावशीने माझ्या मुलीच्या लग्नाच्या हारासाठी घेतलेला विसार आमच्या ओट्यावर परत ठेवला आणि हार आपल्याकडून होणार नाही असं सांगितलं. दहाच्या नोटेवर एक रुपयाचं नाणं ठेवलं होतं, नोट उडू नये म्हणून.

मी भिवंडीत एका सायझिंगमध्ये हिशेबनीस आहे. लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावतात, त्या कारखान्याला आमच्याकडे सायझिंग म्हणतात. माझी एक सवय आमच्या निजामपुऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पैशाचा कुठलाही व्यवहार मी साक्षीदाराशिवाय करत नाही. दूधवाल्याचे महिन्याचे पैसे देतानासुद्धा सरोजला दारात उभं करतो. लोक हसायचे, पण वाद झाला की माझ्याकडेच यायचे. मला या सवयीचा अभिमान होता.

भागामावशीचं पूर्ण नाव भागीरथी. आडनाव मी कधी विचारलं नाही. गाव शेलार, भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घरच्या भातखाचरांच्या बांधावर आणि विहिरीच्या कडेला तिने मोगरा, अबोली आणि झेंडू लावला होता. रोज सकाळी टोपली डोक्यावर घेऊन ती चालत यायची आणि भाजीबाजाराच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसायची. पुढ्यात ओलं फडकं, त्यावर केळीचं पान, पानावर फुलं. बाजूला पाण्याचा तांब्या. आठवड्यातून एक दिवस ती तिथे नसायची. त्या दिवशी अंबाडीला बाजार असे, आणि ती टोपली घेऊन एसटीने तिकडे जायची.

तिच्या पायरीच्या दोन्ही अंगांना लूमचे कारखाने होते. आमच्या गावात खडखडाटामुळे सगळ्यांना ओरडून बोलायची सवय लागलेली आहे. घरी नवराबायकोसुद्धा ओरडून बोलतात आणि पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय. भागामावशी मात्र कधी आवाज चढवायची नाही. भाव विचारायचा तर गिऱ्हाइकाने वाकून कान तिच्या तोंडाजवळ न्यावा. ती बोलायची ते एकाच माणसाला ऐकू जायचं.

फुलाचा वास तिने घेतलेला मी पाहिला नाही. कोणी गिऱ्हाईक फूल नाकाशी नेऊ लागलं तर ती हात धरायची. "हुंगल्यालं फूल देवाला चालत न्हाय. मंग नवऱ्याला कशापायी?" सुई वापरायची नाही. कारखान्यातून टाकाऊ सुताचे गुंडे आणून त्याचे चार पदर ती ओल्या हाताने वळायची आणि फूल देठाशी गाठ मारून बांधायची. सुई टोचली की फूल दुपारपर्यंत काळं पडतं, गाठीचं दुसऱ्या सकाळपर्यंत राहतं, असं ती म्हणायची. आणि ते खरं होतं. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नातला तिचा हार आम्ही तिसऱ्या दिवशी उतरवला तेव्हा मोगरा पिवळा झाला होता, पण एक फूल गळालं नव्हतं.

पण तिचं खरं वेगळेपण हारात नव्हतं, हाराच्या आधी होतं. लग्नाच्या हाराची मागणी घेऊन कोणी आलं की ती पहिल्यांदा म्हणायची, "नवरदेव दावा."

दुसऱ्या कुठल्या फूलवालीने अशी अट घातल्याचं मी ऐकलेलं नाही. साखरपुड्याला, सुपारी फोडायला, नाहीतर नवरामुलगा काही कामाने गावात आला असेल तेव्हा, ती दोन मिनिटांसाठी त्याला गाठायची. कमरेचा दोरा काढायची, त्याला मान खाली करायला लावायची, आणि दोरा मानेमागून घेऊन दोन्ही टोकं छातीवरून बेंबीपर्यंत सोडायची. मग तीन गाठी मारायची. एक मानेच्या मणक्यावर, एक डावीकडे, एक उजवीकडे. या कामाचा ती सव्वा रुपया वेगळा घ्यायची. लग्न मोडलं तरी तो परत द्यायची नाही.

"हार काय सदरा आहे, मापाने शिवायला?" मी एकदा विचारलं होतं.

"सदरा ढगळ झाला तं आत खोचता येतो, अण्णा. हार कुठं खोचनार? लांब झाला तं सप्तपदीला पायात येतो. आखूड झाला तं मानूस बैलासारखा दिसतो."

एका लूममालकाचा मुलगा मान वाकवायला तयार नव्हता. परगावी शिकून आलेला, अंगात टेरिलिनचा शर्ट. दहा माणसं बघत होती. मावशी त्याच्या खांद्याएवढीसुद्धा उंच नव्हती. दोरा हातात धरून ती तशीच उभी राहिली. तो म्हणाला, "अंदाजाने कर ना." तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वाक रं बाबा. आज म्हातारीपुढं वाकायला शिकलास तं उद्या बायकोपुढं जड जानार न्हाय." सगळे हसले. मुलगा लाल झाला आणि वाकला. पुढे त्याचा संसार चांगला झाला. त्यात या वाकण्याचा काही भाग होता असं माझं म्हणणं नाही.

हे दोरे ती टाकून देत नसे. शेलारला तिच्या घरी पडवीत खुंटीवर त्यांचा भारा होता. प्रत्येक दोऱ्याला एक चिंधी बांधलेली असायची, त्या लग्नाच्या मांडवाची नाहीतर वाजंत्र्याने दिलेल्या फडक्याची. लिहिता वाचता येत नव्हतं, पण कुठला दोरा कोणाचा ते तिला बोटांनी कळायचं. मी पेशाने वह्यांचा माणूस. तिचं ते दप्तर मी एकदाच पाहिलं, आणि ते माझ्या वह्यांपेक्षा पक्कं होतं.

एवढ्या नवरदेवांच्या माना तिने जवळून पाहिलेल्या. त्यामुळे मुलींचे बाप तिच्या पायरीशी येऊन हळूच विचारायचे, "मुलगा कसा वाटला?" ती उत्तर द्यायची नाही. "मी गळा मापते, मानूस न्हाय." फार आग्रह केला तर फुलांवर पाणी शिंपडायला लागायची.

याला कारण होतं. पूर्वी एकदा ती बोलली होती. आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलीचा साखरपुडा होता. मावशीने नवऱ्या मुलाचं माप घेतलं आणि तिथेच, भरल्या घरात, मुलीच्या आईला म्हणाली, "पोराचा गळा लई तापलाय गं." आईने ते दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. संध्याकाळपर्यंत मुलाला क्षय आहे असं ठरलं. लग्न मोडलं. मुलाला साधा हिवताप होता. पंधरा दिवसांत तो उठला आणि त्याच मोसमात दुसरीकडे बोहल्यावर चढला. मुलीचं मात्र पुन्हा जुळलं नाही. ती एका कारखान्यात कांड्या भरायला जाऊ लागली. कांडी म्हणजे आडव्या सुताची छोटी गुंडी. रोज सकाळी ती मावशीच्या पायरीवरून जायची आणि मान वळवायची नाही. मावशी ती जाईपर्यंत हात थांबवून बसायची.

"चारचौघांत बोलले, ती चूक झाली," ती मला एकदा म्हणाली होती. "बापाला एकल्याला भाईर घेऊन सांगितलं असतं तं त्यानं डाक्टरला दावला असता. आता गळ्याची गोष्ट असंल तं मी एकाच कानात सांगनार. न्हाय तं सांगनार न्हाय."

ही गोष्ट मला माहीत होती. मी ती विसरलो असं म्हणता येणार नाही. त्या रविवारी मला ती आठवली नाही, एवढंच.

त्याच्या दोनेक वर्षं आधी गावात फुलांची नवी रीत आली. दिलीप नावाच्या एका तरुणाने बाजारात डेकोरेशनचं दुकान काढलं. काचेचं कपाट, त्यात प्लॅस्टिकचे गुलाब, आणि बाहेर पाटीवर मोटारगाडीचं चित्र. तोवर आमच्याकडच्या लग्नात दाराला आंब्याच्या डहाळ्या आणि झेंडूचं तोरण, नवरानवरीला मोगऱ्याच्या मुंडावळ्या, बायकांना अबोलीची वेणी, एवढंच असायचं. दिलीपने स्टेज आणलं. मागे निळा पडदा, त्यावर थर्माकोलची अक्षरं, दोन्ही बाजूंना लांब दांड्यांचे ग्लॅडिओला, समोर लाल मखमलीच्या खुर्च्या. मोटारीच्या टपावर निशिगंधाच्या माळा आणि बॉनेटवर गुलाबांचं बदाम. मुंडावळ्या मोत्यांच्या, त्या लग्नानंतर धुऊन पुढच्या लग्नाला. हार दादरहून डझनाने यायचे. निशिगंध, मध्ये लाल गुलाब, कडेने चंदेरी चमकी. सगळे एका लांबीचे.

"अण्णा, एकदम बंबई स्टाईल," तो सांगायचा. "माप-बीप कशाला? फ्री साईज! मोटा हो, पतला हो, सबको फिट."

दिलीपने एकदा गंमत म्हणून मावशीच्या पानावर एक प्लॅस्टिकचा गुलाब नेऊन ठेवला. तिने तो हातात घेतला, उलटा केला, तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं. पाणी ओघळून गेलं. "पानी पित न्हाय," ती म्हणाली. "मंग हा जगतो कशावर?"

"ये मरता ही नहीं, मावशी! दहा वर्ष टिकतो."

"तेच इचारते. मरत न्हाय, तं लग्नात याचं काम काय?"

लोक तिच्या बोलण्यावर हसले, आणि मागणी दिलीपकडे नोंदवायला गेले. दोन मोसमांत मावशीकडे लग्नाच्या मागण्या निम्म्याहून कमी झाल्या. देवपूजेची फुलं आणि तिरडीचे हार तेवढे राहिले.

माझी मुलगी मंदा एकवीस वर्षांची झाली होती. स्थळ नानाने आणलं. मुलगा वाड्याकडच्या एका गावचा, कल्याणजवळच्या कारखान्यात कामाला. मी सगळं तपासलं. पगाराची चिठ्ठी पाहिली. शेताचा सातबारा पाहिला. रेशनकार्ड पाहिलं, त्यावर आई, बाप, दोन भाऊ, सगळी नावं जुळली. कारखान्यातल्या एका ओळखीच्या कारकुनाकडून हजेरी विचारली. मला वाटतं एखाद्या बँकेनेही कर्ज देताना इतकं पाहिलं नसतं.

साखरपुडा मार्च महिन्यात आमच्याच घरी झाला. हार मावशीकडेच करायचा हा मंदाचा हट्ट होता. लहानपणी शाळेत जाताना ती मावशीकडून रोज एक गळालेलं अबोलीचं फूल घेऊन वेणीत खोचायची. मी अकरा रुपये विसार दिला, सरोजच्या देखत, आणि मापाचा सव्वा रुपया वेगळा देणार नाही, तो हारातच धर, असं बजावलं. मावशीने मान डोलावली.

माप घेतलं तेव्हा मी दोन हातांवर होतो. मुलगा वाकला. चांगला वाकला, सवय असल्यासारखा. मावशीने दोरा टाकला, डावीकडची गाठ मारली, उजवीकडची मारली आणि थांबली. पुन्हा दोरा उचलून पुन्हा टाकला. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. माप घेताना ती कधी तोंडाकडे पाहत नसे.

"काय झालं गं?" सरोजने विचारलं.

"काय न्हाय. उजवा खांदा पडलाय जरा. चार बोटं जास्त लागतील त्या अंगाला."

"लहानपणी झाडावरून पडलो होतो," मुलगा म्हणाला. त्याने पटकन सदऱ्याचं बटण लावलं.

पेढा तिने खाल्ला नाही. पदराला बांधून नेला. मला ते खटकलं नाही. बऱ्याच बायका पेढा नातवंडांसाठी नेतात.

त्यानंतर एप्रिलातला तो रविवार. नाना लग्नपत्रिकांचं बघायला आला होता. आम्ही ओट्यावर बसलो होतो. मावशी आली, खाली पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णा, जरा भाईर येता का? दोन शब्द बोलायचं हाय."

"इथेच बोल की."

"न्हाय. तुमच्या एकल्याशी."

मी हसलो. मला वाटलं, ती भाव वाढवणार. मापाचे पैसे मी हारात धरायला लावले होते, त्याचा हा वचपा. "मावशी, माझ्याकडे कोपऱ्यातलं बोलणं नसतं. जे असेल ते चारचौघांत बोल. व्यवहार उघडा असावा."

तिने नानाकडे पाहिलं. नाना आडकित्त्याने सुपारी कातरत होता. हे स्थळ त्याने आणलेलं, सरोज त्याची सख्खी बहीण. मावशीने कनवटीची नोट आणि नाणं काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

"हार माझ्याकडनं व्हनार न्हाय, अण्णा."

"किती पाहिजेत? सरळ सांग."

"पैशाचं न्हाय."

"पैशाचं नाही म्हणणारे सगळे शेवटी पैशावरच येतात," नाना म्हणाला. "अहो भावजी, दिलीपकडे द्या. ही म्हातारी आता अडवून बघतेय."

मावशी त्याच्याशी बोलली नाही. मला म्हणाली, "मुलाचं सगळं बघितलं नव्हं तुमी?"

"पगार पाहिला, सातबारा पाहिला, रेशनकार्ड पाहिलं. आणखी काय बघायचं राहिलं?"

"कागद बघितलं." तिने पदर खांद्यावर सारखा केला. "अण्णा, अंबाडीला एक चक्कर मारू. बाजाराच्या दिशी. मी येते संगती. तिकीट माझं मी काढीन."

"का, तिकडे मोगरा स्वस्त लागतो?" नाना म्हणाला, आणि मी हसलो. सरोजही हसली.

"स्वस्त न्हाय," मावशी म्हणाली. "लई म्हाग हाय."

ती गेली. मी अकरा रुपये मोजून घेतले. तीन माणसांच्या देखत परत आलेली रक्कम, म्हणून वहीत तशी नोंद केली. दुपारी जाऊन दिलीपकडे स्टेज, मोटार, मुंडावळ्या आणि दोन हार मिळून एकशे ऐंशी रुपयांत ठरवलं. मावशीपेक्षा ते किती महाग पडत होतं हे मला दिसत होतं. पण मला अडवून दाखवणाऱ्या माणसाला मी जास्त देणार नव्हतो. त्यापेक्षा दुसऱ्याला जास्त देईन, हा माझा हिशेब होता.

नंतर ती दोनदा सायझिंगच्या फाटकाशी आली. वॉचमनने वर निरोप आणला, "फूलवाली आई है, अकेले में मिलना बोलती." मला वाटलं मागणी परत मागायला आली असेल. दोन्ही वेळा मी सांगायला लावलं, साहेब नाहीत. दुसऱ्या वेळी खिडकीतून पाहिलं. ती फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उकिडवी बसली होती, रिकामी टोपली पालथी घालून. अर्धा तास बसली असेल. मग टोपली डोक्यावर घेऊन गेली.

मे महिन्यात लग्न झालं. स्टेज चांगलं झालं हे कबूल केलं पाहिजे. पाहुणे पडद्याला हात लावून बघत होते. मुंडावळ्यांचे मोती सारखे वाजत होते. मंदाने हार घातला आणि तो घालताक्षणी एका बाजूला घसरला. उजवीकडून वर ओढल्यासारखा आणि डावीकडे लोंबता. फोटोग्राफर वैतागला. "दुल्हेराजा, हार सीधा करो. अरे, सीधा!" दिलीपने येऊन सरळ केला. पुन्हा घसरला. तीनदा झालं. चौथ्यांदा फोटोग्राफरने तसाच फोटो काढला. तो फोटो आम्ही चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावला. चमकी फार छान आली होती फोटोत.

पुढच्या जानेवारीत एक म्हातारा माणूस आणि त्याची मुलगी आमचं घर विचारत आली. मुलीच्या कडेवर दोन वर्षांचं पोर. गाव अंबाडीच्या पलीकडचं. माणूस हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "भांडाय न्हाय आलो. दीड वरीस जावयानं पोरीला नेली न्हाय. आता ऐकतो, तुमच्या हितं त्याचं दुसरं लगीन झालं. तुमाला ठावं व्हतं का, तेवढंच इचाराय आलो."

मी म्हणालो, पुरावा काय. त्या मुलीने पिशवीतून कागदात गुंडाळलेला फोटो काढला आणि माझ्या हातात दिला.

मांडव साधा. मागे आंब्याच्या डहाळ्या. नवरानवरी पाटावर उभे. तोच मुलगा, तोच पडलेला उजवा खांदा. त्याच्या गळ्यात मोगऱ्याचा हार होता, गाठीचा, आणि तो ओळंब्याने लावल्यासारखा सरळ होता. दोन्ही बाजू बेंबीशी बरोबर जुळलेल्या. मी तो फोटो हातात धरून उभा होतो आणि समोर भिंतीवर आमचा फोटो होता, वाकड्या हाराचा. म्हातारा काहीतरी बोलत होता. मी विचारलं, "हार कोणी केला होता?"

"हार?" तो गोंधळला. "शेलारची एक बाई यायची ना बाजाराला. ती. तिनं दोऱ्यानं माप घेतलं व्हतं."

मंदाला मी त्याच आठवड्यात घरी आणलं. पुढचं कोर्टाचं आणि पंचांचं इथे लिहीत नाही. नाना शपथा घेतो की त्याला माहीत नव्हतं. मी त्याला पुराव्याशिवाय खोटं म्हणणार नाही. पण आमच्या ओट्यावर तो आता बसत नाही. भिंतीवरचा फोटो मंदाने स्वतः उतरवला. भिंतीवर त्याचा चौकोन उरलाय, तो मी चुना लावून घ्यायचा म्हणतो आणि राहून जातं. अंबाडीचं एसटीचं तिकीट त्या वेळी दीड रुपयाच्या आतबाहेर होतं. जाऊन येऊन तीन रुपये. तेही ती स्वतःचं स्वतः काढणार होती.

फेब्रुवारीत एका दुपारी मी शेलारला गेलो. सरोज येते म्हणाली होती. मी तिला घरी राहायला सांगितलं.

मावशी अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. बाजारात बसणं तिने दिवाळीपासून सोडलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पावलांच्या आवाजाने मान वर केली.

"कोन?"

"मी. सायझिंगमधला अण्णा."

"संगती कोन हाय?"

"कोणी नाही. एकटाच आलोय."

तिने सूप बाजूला सारलं. "बसा."

मी बसलो. ती उठली, पडवीत गेली, खुंटीवरच्या भाऱ्यातून बोटांनी चाचपत एक दोरा सोडवला आणि आणून माझ्या मांडीवर ठेवला. त्याला हिरवी चिंधी होती. मी तो मधल्या गाठीत धरून दोन्ही टोकं सोडली. उजवीकडची चार बोटं खाली गेली.

"तुमच्या हितं माप घेतलं आनि घरी येऊन या अंबाडीकडच्या दोऱ्याशी लावलं," ती म्हणाली. "मंग अंबाडीला जाऊन बघून आले. पोरगी बापाच्या घरी व्हती. पोर मांडीवर. मंगच तुमच्याकडं आले. आधी खात्री केली, अण्णा. मागच्या टायमाला केली नव्हती."

"मग तिथेच ओरडून का सांगितलं नाहीस, मावशी? नाना होता तर होता. मी रागावलो असतो, पण मुलगी तरी—"

"तुमी साक्षीदार मागितलं." तिच्या आवाजात राग नव्हता. "माज्याकडं दोरा व्हता. साक्षीदार न्हवता."

तिने दोन शेंगा सोलल्या. मग तिने विचारलं, "मंदी कशी हाय?"

"घरी असते. कारखान्यातल्या बिलांच्या नकला करून देते मला. अक्षर चांगलं आहे."

"अबोली माळते का?"

"नाही."

तिने मान हलवली. मी खिशातून दहाची नोट आणि एक रुपया काढला आणि तिच्यापुढे ठेवला. ती हाताने चाचपून बघू लागली. नोट ओळखली, नाणं ओळखलं.

"हे कशाचं?"

"हाराचा विसार. तू परत दिला होतास तो."

"हार मी केला न्हाय. केला न्हाय त्याचं कसं घेऊ?" तिने दोन्ही माझ्या हातात परत ठेवलं. मग म्हणाली, "माप तेवढं घेतलं व्हतं. त्याचा सव्वा रुपया तुमी हारात धरला व्हता."

माझ्याकडे सुटे होते. एक रुपया आणि पंचवीस पैसे मी तिच्या तळहातावर ठेवले. तिने मूठ मिटली, मोजले नाहीत. गिऱ्हाइकासमोर ती कधीच मोजत नसे.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा मागे वळून पाहिलं. तिने तो हिरव्या चिंधीचा दोरा पुन्हा खुंटीला लावला नव्हता. नखाने तिन्ही गाठी सोडवून तो सरळ केला होता, आणि पडवळाचा एक वेल जमिनीवर आला होता तो उचलून मांडवाच्या काठीला त्या दोऱ्याने बांधत होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून काठी गालाला लावून अंदाज घेत होती.

दिलीपचे एकशे ऐंशी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पोचते केले होते, सरोज आणि नानाच्या देखत. भागीरथी, मुक्काम शेलार, हिला शेवटी दिले ते एक रुपया पंचवीस पैसे, गळ्याच्या मापाचे. हजर कोणी नव्हतं.